सर्व गावांचे सूर्यघड्याळ

भारतीय कालगणनेत साठ या संख्येला विशेष मान आहे. साठ पळांची एक घटिका, साठ घटिकांचे एक अहोरात्र आणि प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांचे एक चक्र. साठ वर्षे पूर्ण झाली की जन्मसमयीचे संवत्सर पुन्हा फिरून येते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांची षष्ट्यब्दी साजरी करण्याची आपली परंपरा. शाळेचा हीरक महोत्सव हाही एका अर्थी तसाच योग आहे. अशा प्रसंगी काळ मोजण्याच्या एका जुन्या साधनाचा, म्हणजे सूर्यघड्याळाचा, इतिहास आठवणे औचित्याला धरून होईल. हा इतिहास महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्यांना विशेष जवळचा वाटावा असा आहे.

सूर्यघड्याळ म्हणजे उन्हात एक काठी रोवायची आणि तिच्या सावलीवरून वेळ सांगायची, इतकीच अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात असे साधन ज्या गावासाठी केलेले असेल त्याच गावी खरे बोलते. पुण्यात अचूक चालणारी दगडी सूर्यतबकडी उचलून भिलाईत आणली, तर सकाळ-संध्याकाळच्या तिच्या रेषा चुकू लागतील. याचे कारण असे की पुणे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेअठरा अंशांवर आहे, तर भिलाई एकवीस अंशांच्या थोडी पुढे आहे. सूर्य तोच असला तरी दोन्ही गावांतून तो वेगळ्या उंचीवर दिसतो आणि सावलीही वेगळी पडते. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, एकच साधन हाती घेऊन माणूस गावोगाव गेला आणि प्रत्येक गावी त्याला खरी वेळ कळली, असे करता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मराठी मुलखातील आणि मराठी भाषक पंडितांचा वाटा मोठा आहे.

आपल्या पूर्वसूरींनी गावागावांतील हा भेद एका शब्दात बांधला होता, तो शब्द म्हणजे पलभा. बारा अंगुळे उंचीचा शंकू सपाट जमिनीवर उभा करावा. ज्या दिवशी दिवस आणि रात्र समान असतात, त्या दिवशी भर मध्यान्ही त्याची जी सावली पडेल ती त्या गावाची पलभा. जुन्या पंचांगांतून गावांच्या नावांपुढे पलभेचे आकडे दिलेले अनेक घरांतील आजी-आजोबांनी पाहिले असतील. पुण्याची पलभा सुमारे चार अंगुळे, उज्जैनची पाच अंगुळांहून थोडी अधिक आणि भिलाईची साडेचार अंगुळांच्या किंचित पुढे. ही एक संख्या कळली की गावाचे अक्षांश कळले, आणि अक्षांश कळले की त्या गावी सावलीचे सारे गणित मांडता येते.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी या विषयाला सुसूत्र रूप दिले. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या या आचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याच्या गोलाध्यायात यंत्रांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांतील दोन यंत्रे येथे महत्त्वाची आहेत. पहिले नाडीवलय. लाकडाचे एक चाक, त्याच्या परिघावर साठ घटिकांच्या खुणा आणि मधोमध ध्रुवाकडे रोखलेला अक्ष, अशी त्याची रचना. पृथ्वी स्वतःच्या अक्षाभोवती फिरल्यामुळे (अथवा प्राचीनांच्या भाषेत आकाशाचा गोल फिरल्यामुळे) सूर्य या चाकाभोवती अगदी सारख्या गतीने फिरताना दिसतो. म्हणून अक्षाची सावली दर घटिकेला बरोबर सहा अंश सरकते. चाकाच्या खुणा सर्वत्र समान अंतरावर असतात. त्या गावानुसार बदलाव्या लागत नाहीत. बदलावा लागतो तो केवळ चाकाचा कल.

हीच गोष्ट या साधनाचे मर्म आहे. सपाट जमिनीवर आखलेल्या तबकडीच्या सगळ्या रेषा गाव बदलताच बदलतात. विषुववृत्ताच्या पातळीला समांतर ठेवलेल्या चाकाची मात्र एकही रेषा बदलत नाही. अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असावा आणि जमिनीशी त्याचा कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका असावा, एवढे जुळले की चाक कोठेही खरी वेळ सांगते. कल बदलता येईल अशी बैठक त्याला दिली, तर ते एका गावाचे न राहता सर्व गावांचे होते.

दुसरे यंत्र भास्कराचार्यांनी स्वतः कल्पिलेले फलकयंत्र. रुंदीच्या दुप्पट लांबी असलेली एक फळी साखळीने टांगायची. तिच्यावर आडव्या रेषा, एक खिळा, त्याभोवती घटिकांचे वर्तुळ आणि खिळ्यावर फिरणारी एक पट्टी. सूर्याकडे फळीची कड धरली की खिळ्याची सावली वर्तुळावर पडते आणि सूर्याची उंची कळते. तिच्यावरून वेळ काढताना जी संख्या पट्टीवर मोजून घ्यायची, तिच्या गणितात स्थानिक पलभेवरून काढलेला कर्ण घालावा लागतो. फळी तीच राहते, गाव बदलले की संख्या बदलते. म्हणजे नाडीवलयात जे काम बैठकीचा कोन करतो, ते येथे गणित करते. यंत्रांची ही सारी गणना संपवताना आचार्यांनी धीयंत्र, म्हणजे बुद्धी, हेच सर्वांत श्रेष्ठ यंत्र ठरवले आहे. हाती साधी काठी असली तरी बुद्धीच्या बळावर बरेच काही मोजता येते, असा त्यांचा अभिप्राय.

भास्कराचार्यांचे ग्रंथ केवळ पोथीत राहू नयेत याची काळजी त्यांच्या वंशजांनी घेतली. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. आचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. भास्कराचार्यांच्या आणि त्यांच्या घराण्यातील ग्रंथांचे अध्ययन व्हावे, एवढ्यासाठी एक मठ स्थापन झाला आणि त्याला इ. स. १२०७ मध्ये दान देण्यात आले. ते संवत्सर प्रभव होते, म्हणजे साठांच्या चक्राचे पहिले. हा लेख पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. ग्रंथ लिहिणे पुरेसे नाही, तो शिकवणारे ठिकाण हवे, ही जाण आठशे वर्षांपूर्वीची आहे.

सोळाव्या शतकात कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ज्योतिषगणित सामान्य पंचांगकर्त्याच्या आवाक्यात आणले. इ. स. १५२० हे आरंभवर्ष धरून रचलेला त्यांचा ‘ग्रहलाघव’ पुढे शतकानुशतके महाराष्ट्रात वापरात होता. त्यांनी प्रतोदयंत्र नावाचे एक सुटसुटीत छायायंत्रही वर्णिले. प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या दांड्यासारख्या स्तंभावर सावलीची लांबी मोजून दिवस किती घटिका चढला हे सांगायचे. ते जवळ बाळगायला सोपे, पण त्याच्या खुणा एका विशिष्ट पलभेसाठी कोरलेल्या. दूरच्या प्रांतात गेल्यावर तोच दांडा खोटे बोलणार. साधन हलके असणे आणि साधन सार्वदेशिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून चांगले कळते.

अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी याच्या अगदी उलट मार्ग धरला. धातूची लहान यंत्रे झिजतात, त्यांचे अक्ष ढिले पडतात आणि खुणा बारीक करता येत नाहीत, म्हणून त्यांनी चुना आणि दगड यांची प्रचंड यंत्रे उभारली. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा झाल्या. जयपूरच्या सम्राटयंत्राची उंची सुमारे २७ मीटर आहे आणि त्याची सावली दोन सेकंदांइतका सूक्ष्म काळ दाखवू शकते. मात्र प्रत्येक ठिकाणच्या सम्राटयंत्राच्या जिन्यासारख्या भिंतीचा चढ वेगळा आहे. जयपुरात तो सुमारे सत्तावीस अंशांचा, तर उज्जैनला सव्वातेवीस अंशांच्या आसपास. भिंतीचा चढ म्हणजेच त्या गावाचे अक्षांश. दगडाने अचूकता दिली, पण त्या बदल्यात यंत्र कायमचे एका गावाला जखडले गेले.

याच सुमारास युरोपातील दर्यावर्दी आणि प्रवासी सार्वदेशिक सूर्यघड्याळ खिशात बाळगू लागले होते. विल्यम ऑट्रेड या इंग्रज गणितज्ञाने सतराव्या शतकाच्या आरंभी रचलेले कड्यांचे घड्याळ त्यांत प्रसिद्ध आहे. एकात एक बसणारी पितळेची दोन कडी. बाहेरच्या कड्यावर अक्षांशांच्या खुणा, आतल्यावर तासांच्या. टांगण्याची लहान कडी आपल्या अक्षांशावर सरकवायची, मधल्या पट्टीवरील छिद्र तारखेवर आणायचे आणि सूर्यकिरणाचा ठिपका तासांच्या कड्यावर पडेपर्यंत सारे हळूच फिरवायचे. वेळ कळतेच, शिवाय उत्तर दिशाही कळते. होकायंत्र लागत नाही. जर्मनीतील ऑग्सबर्ग येथील कारागीर तर लहान घडीच्या सूर्यघड्याळांबरोबर शहरांच्या अक्षांशांची यादीही देत असत. ही साधने दिसायला निराळी असली, तरी त्यांचे तत्त्व नाडीवलयाचेच होते.

उज्जैनच्या वेधशाळेची पुढची कहाणी मात्र चटका लावणारी आहे. जयसिंहांच्या हयातीतच माळवा मराठ्यांच्या अमलाखाली आला आणि उज्जैन शिंद्यांकडे गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हंटर हा ब्रिटिश अभ्यासक तेथे आला, तेव्हा जयसिंहांच्या पदरी असलेल्या एका ज्योतिष्याचा तरुण नातू त्याला भेटला. यंत्रे आणि सिद्धांत दोन्ही जाणणारा तो विद्वान थोड्याच दिवसांत जयपूर येथे वारला. त्याच्याबरोबर जयसिंहांची प्रतिभाच लोपली, अशा आशयाचे उद्गार हंटरने १७९९ मध्ये छापलेल्या आपल्या लेखात काढले आहेत. भिंती उभ्या होत्या, कमानींवरच्या खुणाही काही अंशी शाबूत होत्या. त्या वाचून दाखवणारा उरला नव्हता. विद्या एका माणसाच्या ठायी शिल्लक राहिली की ती किती सहज नष्ट होते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

या विद्येला पुन्हा शाळेचा आधार मिळाला तो भोपाळजवळच्या सीहोर येथे. तेथील ब्रिटिश अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन याने १८३० च्या दशकात एक वेगळा प्रयोग केला. नवे खगोलशास्त्र परक्या भाषेतून लादण्याऐवजी भास्कराचार्यांच्या ग्रंथांपासून आरंभ करून विद्यार्थ्यांना कोपर्निकसपर्यंत न्यावे, असे त्याचे मत होते. या कामी त्याला सुबाजी बापू या मराठी शास्त्र्यांचे साहाय्य लाभले. सुबाजी बापूंनी ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक लिहिले. ते १८३६ च्या सुमारास मुंबईत छापले गेले. पुराणांतील, सिद्धांतग्रंथांतील आणि कोपर्निकसच्या मतांची तुलना त्यात आहे, आणि ती मराठी भाषेत आहे. महाराष्ट्रापासून दूर, हिंदी मुलखात राहणाऱ्या एका पंडिताने त्या काळचे सर्वांत नवे शास्त्र आपल्या भाषेत मांडले, ही गोष्ट मराठी माध्यमाच्या कोणत्याही शाळेने अभिमानाने सांगावी अशी आहे.

सीहोरच्याच शाळेत बापूदेव शास्त्री घडले. १८२१ साली जन्मलेल्या बापूदेवांचे आरंभीचे शिक्षण नागपूरच्या मराठी शाळेत झाले. तेथे त्यांची गणितातील गती पाहून विल्किन्सनने त्यांना सीहोरला नेले आणि १८४२ पासून ते काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन करू लागले. विल्किन्सनने केलेला गोलाध्यायाचा इंग्रजी अनुवाद त्याच्या मृत्यूनंतर बापूदेवांनी सुधारला आणि तो १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. नाडीवलय, फलकयंत्र आणि धीयंत्र यांचे वर्णन अशा रीतीने जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले. काशीच्या मानमंदिरातील जयसिंहांच्या यंत्रांचे वर्णनही बापूदेवांनी लिहून ठेवले. नागपूर, सीहोर, काशी हा त्यांचा प्रवास म्हणजे तीन वेगवेगळ्या अक्षांशांवरचा प्रवास होता. विद्येचा अक्ष मात्र ढळला नाही.

पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात १८९६ मध्ये हा सारा इतिहास एकत्र केला. पंचांगे प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत, ही तक्रार तेव्हा महाराष्ट्रात जोर धरू लागली होती. त्या वादातून वेध घेण्याची गरज पुन्हा पटली. सिद्धांतवागीश नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्या शिफारशीवरून ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये उज्जैनच्या यंत्रांचा जीर्णोद्धार केला. आपटे या वेधशाळेचे पहिले अधीक्षक झाले. हंटरच्या भेटीनंतर सव्वाशे वर्षांनी त्या भिंतींवरच्या खुणा पुन्हा वाचल्या जाऊ लागल्या, आणि त्या वाचणाऱ्यांत एक मराठी गणिती अग्रभागी होता. आजही तेथील नाडीवलयाचे उत्तरमुख मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत आणि दक्षिणमुख उरलेले सहा महिने उन्हात असते, हे सहलीला गेलेल्या मुलांना पाहता येते.

सूर्यघड्याळ नीट मांडले तरी त्याची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही, आणि त्यामुळे पुष्कळ जण निराश होतात. हा दोष यंत्राचा नव्हे. याला दोन कारणे आहेत. पहिले देशांतर. प्राचीनांनी लंका, उज्जैन आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मध्यरेषा मानली होती. आज भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व या रेखांशावरून ठरते. ही रेषा छत्तीसगढ राज्यातूनच जाते. भिलाई तिच्या पश्चिमेस सुमारे १ अंश ७ कला आहे आणि दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने येथील सूर्य प्रमाणवेळेच्या साडेचार मिनिटे मागे असतो. नागपूरसाठी हे अंतर सुमारे पावणेचौदा मिनिटे, उज्जैनसाठी सत्तावीस, पुण्यासाठी साडेचौतीस, तर मुंबईसाठी जवळजवळ एकोणचाळीस मिनिटे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ सुरू झाली तेव्हा आपल्या सूर्याची वेळ सोडायला मुंबई तयार झाली नाही. स्वातंत्र्यानंतरही काही काळ तेथे जुन्या मुंबई वेळेची घड्याळे चालत होती, ती याच एकोणचाळीस मिनिटांसाठी.

दुसरे कारण सूर्याच्या भासमान गतीतील कमी-अधिकपणा. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे. या दोहोंमुळे सूर्य कधी घड्याळाच्या पुढे जातो, कधी मागे पडतो. फेब्रुवारीच्या मध्याला तो सुमारे चौदा मिनिटे मागे असतो, नोव्हेंबरच्या आरंभी सोळा मिनिटे पुढे. एप्रिलचा मध्य, जूनचा मध्य, सप्टेंबरचा आरंभ आणि डिसेंबरची अखेर या चार वेळी हा फरक जवळजवळ शून्य होतो. आपल्या ज्योतिषांनी या दोन्ही कारणांचे वेगळे संस्कार सांगितले, त्यांची नावे भुजांतर आणि उदयांतर. त्यांतील उदयांतराचा विचार अकराव्या शतकातील श्रीपतींनी केला. ते रोहिणीखंडचे, म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडचे. या हिशेबाने भिलाईत सूर्यघड्याळावर बारा वाजतात तेव्हा हातातील घड्याळ फेब्रुवारीत बारा वाजून अठरा मिनिटे दाखवते आणि नोव्हेंबरच्या आरंभी बाराला बारा मिनिटे कमी.

असे साधन करणे आज कोणत्याही घरी शक्य आहे. पातळ प्लायवुडची किंवा जाड पुठ्ठ्याची एक गोल चकती घ्यावी. तिच्या दोन्ही बाजूंना मध्यापासून पंधरा-पंधरा अंशांवर चोवीस रेषा आखाव्यात. घटिका पाहायच्या असतील तर सहा-सहा अंशांवर साठ. मध्यातून स्वेटर विणायची सुई काटकोनात आरपार घालावी. चकती एका सपाट फळीला बिजागरीने जोडावी आणि कंपासपेटीतील कोनमापकाने तिचा कल ठरवावा. भिलाईचे अक्षांश सुमारे २१ अंश १२ कला. सुईचा जमिनीशी कोन तेवढा असला की चकतीचा जमिनीशी कोन ६८ अंश ४८ कला होतो. सुईचे वरचे टोक उत्तरेकडे असावे आणि चकतीची वरची कड दक्षिणेकडे झुकलेली असावी. बाराची रेषा दोन्ही बाजूंना सर्वांत खाली येते. उत्तरेकडच्या बाजूवर तास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने लिहावेत, दक्षिणेकडच्या बाजूवर उलट. उन्हाळ्याची सुटी लागून कुटुंब पुण्याला निघाले, तर चकतीवरची एकही रेषा न पुसता केवळ बिजागरीचा कोन साडेअठरा अंशांच्या हिशेबाने बदलावा आणि साडेचार मिनिटांच्या जागी साडेचौतीस मिनिटे धरावीत. घड्याळ लगेच पुण्याचे होते.

उत्तर दिशा ठरवताना होकायंत्रावर विसंबू नये. लोखंडाच्या सान्निध्यात त्याची सुई बहकते, आणि पोलादाच्या या नगरीत लोखंडाची वाण नाही. त्यासाठी कात्यायनाच्या शुल्बसूत्रातील रीत उत्तम. सपाट जमिनीवर वर्तुळ काढून मध्ये शंकू रोवावा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरताना जेथे परिघाला स्पर्श करते तेथे एक खूण करावी, दुपारी बाहेर पडताना जेथे स्पर्श करते तेथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, तिला काढलेला लंब दक्षिणोत्तर. यज्ञवेदीसाठी शोधलेली ही रीत अंगणातल्या सूर्यघड्याळालाही तितकीच उपयोगी पडते.

भिलाईच्या आकाशात या साऱ्याची खातरजमा करून देणारे काही दिवस वर्षातून येतात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याला सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मधल्या काळात मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते, जे दिल्लीला कधीच घडत नाही. आणि २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ही सूर्य येथे क्षितिजापासून पंचेचाळीस अंशांच्या किंचित वर असतो. म्हणजे त्या क्षणी मैदानात उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाची सावली त्याच्या उंचीएवढीच असते. पहिलीतल्या मुलाची त्याच्याएवढी, दहावीतल्या मुलीची तिच्याएवढी. कोणतेही उपकरण न घेता अक्षांशाचा हा धडा शाळेच्या पटांगणात शिकवता येतो.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे या नगरीत आली. त्यांत विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून आणि देशावरून आलेली मराठी कुटुंबेही होती. प्रत्येक जण आपापल्या गावाची भाषा, सण आणि सवयी घेऊन आला. तीन पाळ्यांवर चालणाऱ्या या शहरात सूर्याकडे पाहून वेळ ठरवण्याची गरज कोणाला नव्हती. पण येथे आपल्या मुलांना मराठीतून शिकवायचे काय, आणि शिकवले तर ती येथल्या जीवनाशी जुळतील काय, हा प्रश्न त्या पालकांपुढे होता. आजच्या पालकांपुढेही तो आहे.

या प्रश्नाचे उत्तर गणिताने सुटणारे नाही. परंतु सूर्यघड्याळाचा इतिहास त्याबाबत काही सुचवतो. पाटणचा मठ, सीहोरची शाळा आणि उज्जैनची वेधशाळा या तिन्ही ठिकाणी विद्या टिकली ती शिकवणारे आणि शिकणारे एकत्र आल्यामुळे. ज्या काळात शिकणारा पुढे आला नाही, त्या काळात दगडी यंत्रेही मुकी झाली. सुबाजी बापूंनी सीहोरला राहून मराठी सोडली नाही आणि कोपर्निकसकडे पाठही फिरवली नाही. छत्तीसगढची हिंदी आणि छत्तीसगढी आपलीशी करावी, इंग्रजीही उत्तम यावी, कारण हे येथले अक्षांश आहेत आणि ते मानल्याखेरीज कोणतेही घड्याळ येथे चालणार नाही. मात्र बैठक कलवताना अक्ष ध्रुवावरून हलू द्यायचा नसतो.

साठ घटिकांनी दिवस पुरा होतो, तेव्हा नवा सूर्योदय होऊन मोजणी पुन्हा पहिल्या घटिकेपासून सुरू होते. शाळेच्या साठ वर्षांनंतरचे पहिले वर्ष तसेच आहे. या वर्षी डिसेंबरात २२ तारखेच्या मध्यान्ही पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी मुलांना घेऊन पटांगणात यावे, दोरीने आपापली सावली मोजावी आणि ती आपल्या उंचीशी ताडून पाहावी. पाचसात मिनिटांचे काम आहे. त्या दिवशी मुले जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे शोधण्यासाठी भास्कराचार्यांचे दहावे यंत्र, म्हणजे बुद्धी, प्रत्येकाजवळ आहेच.